एकशे सातवी चकती

लोक प्रवासाला निघताना वळकटी बांधतात, फराळाचा डबा घेतात. आम्हीही ते सगळं घेतलं. पण त्याशिवाय माझ्या काखेत पंधरा इंची लाकडी चौकट होती, जुन्या चादरीत गुंडाळलेली, आणि खांद्याला एक पिशवी, तिच्यात सागवानाच्या एकशे सहा गोल चकत्या. शेंदूरजनाघाटच्या मोटारतळावर ज्यानं त्यानं विचारलं, "काकू, हे काय घेऊन चालल्या?" मी म्हटलं, "पुरावा." कोणाला कळलं नाही, पण पुढं कोणी विचारलंही नाही.

तुम्हाला मात्र नीट सांगायला हवं, नाहीतर साठीतली बाई चकत्या घेऊन अमरावती-अकोल्याला कशाला गेली, हे समजायचं नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पुढचं गणित मी मुलांच्या पुस्तकांतून शिकले. मुलं पास होऊन पुढे गेली, पुस्तकं माझ्याकडे राहिली. दुपारी दोन घटका मिळाल्या की भूमितीचं पुस्तक काढायचं आणि जमिनीवर खडूनं आकृत्या काढत बसायचं. बाकी आयुष्य गेलं संत्र्यांत. आमची बाग आहे, आणि पेट्या भरायच्या शेडमध्ये मी चाळीस वर्षं बसले आहे. फळ लोखंडी कड्यातून काढून सारख्या मापाचं वेगळं करायचं, मोजायचं, पेटीत लावायचं. लावणं हे वेगळंच काम आहे. ते ज्याला येतं त्याची पेटी नागपूर-कलकत्त्यापर्यंत खुळखुळत नाही.

तर अमरावतीच्या कॉलेजातले गणिताचे एक प्राध्यापक एका मासिकात दर महिन्याला कोडं घालतात. त्यांनी एकदा विचारलं: पंधरा इंच लांब, पंधरा इंच रुंद असं चौकोनी तबक आहे. दीड इंच व्यासाच्या चकत्या त्यात एकावर एक न चढवता ठेवायच्या. जास्तीत जास्त किती मावतील? पुढच्या महिन्यात उत्तर आलं. साधा माणूस दहा ओळी दहा-दहाच्या ठेवील आणि शंभर म्हणेल. हुशार माणूस दुसरी ओळ पहिलीच्या खळग्यांत बसवील. मग त्या ओळीत नऊच मावतात, पण ओळी जवळ सरकतात आणि दहाऐवजी अकरा बसतात. सहा ओळी दहाच्या, पाच ओळी नऊच्या, एकूण एकशे पाच. खाली छापलं होतं, "याहून जास्त अशक्य."

मी ते शेडमध्ये बसूनच वाचलं आणि समोरच्या पेटीकडे पाहिलं. तीही चौकोनीच, दहा फळं लांब आणि दहा फळं रुंद. आमच्याकडे कोणीही असं लावत नाही. कडेजवळ नऊची ओळ आली की दोन्ही टोकांना अर्ध्या-अर्ध्या फळाची पोकळी राहते, आणि गाडीच्या हिसक्यानं सगळी पेटी ढिली होते. म्हणून सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की दोन्ही बाजूंच्या फळ्यांजवळ दोन-दोन ओळी दहाच्या भरायच्या, एकीसमोर एक, सरळ. खळग्यांचं काय करायचं ते मधे करायचं. आता हिशेब करा. दहा, दहा, मग नऊ, दहा, नऊ, दहा, नऊ, दहा, नऊ, आणि शेवटी दहा, दहा. ओळी अकराच, पण दहाच्या सात आणि नऊच्या चार. एकशे सहा.

मावतात का? मी कागदावर मांडून पाहिलं. वर्गमुळं काढली. मावतात, आणि वर एका सुताहून, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाहून, थोडी कमी जागा उरते. खात्री व्हावी म्हणून सुताराकडून चौकट करून घेतली, चकत्या कातून घेतल्या, आणि बसवल्या. बसल्या. मग मी प्राध्यापकांना जोडकार्ड पाठवलं, आकृती काढून. उत्तराचं अर्धं कार्ड पंधरा दिवसांनी परत आलं. त्यावर लाल शाईनं लिहिलं होतं: "अशक्य. मोजण्यात चूक आहे."

मला कोणी अडाणी म्हणावं, मी वाद घालायची नाही. इंग्रजी येत नाही म्हणावं, खरं आहे. पण चाळीस वर्षं संत्री मोजणाऱ्या बाईला मोजण्यात चूक आहे म्हणायचं, तेही न बघता, हे मी घरी बसून गिळणार नव्हते.

माझा मुलगा म्हणाला, "आई, थे प्रोफेसर आहेत. तू कावून त्यायच्या नादी लागून राहिली?"

"थेच लागले माह्या नादी," मी म्हटलं. "मी तर फक्त मोजलं."

संत्र्यांच्या आंबिया बहाराची तोड संपली होती, शेड रिकामं होतं. माझी नणंद कौसाबाई बरोबर यायला तयार झाली. तिला गणिताशी कर्तव्य नव्हतं, तिला अंबादेवीचं दर्शन घ्यायचं होतं.

मोर्शीच्या अलीकडे

थंडीचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी वाळत आलेल्या, मधे कुठे हुरड्याचा धूर. वरूड मागे पडेपर्यंत मोटारीतल्या सगळ्यांच्या हातात संत्रं होतं, कारण कौसाबाईला एकटीनं खाणं ठाऊक नाही. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात की संत्रं, यावर भांडण होऊ शकेल.

मोर्शीच्या अलीकडे एक नाला लागतो. तिथं मोटारीनं असा गचका दिला की माझ्या पिशवीची शिवण उसवली आणि चकत्या निघाल्या घरंगळत. पुढं ड्रायव्हरच्या पायापर्यंत, मागं शेवटच्या बाकाखाली. कंडक्टरनं घंटी वाजवून मोटार थांबवली.

"कोनाच्या लेकराचा खेळ हाय हा?"

"लेकराचा नाही भाऊ," मी म्हटलं. "माहा आहे."

"क्यारमच्या सोंगट्या व्हय का?" एका पागोटेवाल्या आजोबांनी विचारलं.

"नाही बुवा. संत्री आहेत असं समजा."

त्यांनी एक चकती नाकाशी नेली आणि मान डोलावली. "मंग बिनबियाची दिसते."

सगळी मोटार हसली आणि सगळी मोटार खाली वाकली. वऱ्हाडी माणूस बोलायला खडबडीत खरा, पण कोणाचं सांडलं की आधी गोळा करतो, चौकशी नंतर. पाच मिनिटांत माझ्या ओटीत ढीग झाला आणि मी मोजायला घेतलं.

इथं आमची मोजायची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आम्ही एकेक मोजत नाही. एका हातात तीन, दुसऱ्या हातात दोन, पाच फळांचा एक हात. वीस हात झाले की शंभर. शंभर झाले की खूण म्हणून बाजूला एक खडा ठेवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. मोटारीत खडा कुठला? मी मोजलेल्यातलीच एक चकती उचलली आणि खुणेला मांडीवर ठेवली. राहिल्या त्यांचा एक हात झाला, पाच. मांडीवरची धरून सहा. शंभर आणि सहा.

"भरल्या?" कौसाबाईनं विचारलं.

"भरल्या," मी म्हटलं, आणि पिशवीला गाठ मारली.

अमरावती

अंबादेवीला आधी जाऊ, कौसाबाई म्हणाली. मी म्हटलं आधी प्राध्यापक. देवी कुठे जाणार नाही, प्राध्यापकांचं सांगता येत नाही. आणि माझं बरोबर निघालं. आम्ही पोचलो तर त्यांच्या दारात टांगा उभा, बिछाना बांधलेला. ते अकोल्याला निघाले होते, गणिताच्या शिक्षकांच्या संमेलनाला.

बाहेरून बघता माणूस सज्जन. धोतर, काळा कोट, चष्म्याला दोरी. त्यांच्या बाईंनी आम्हाला पाटावर बसवून पोहे दिले. शहरातले पोहे, वर खोबरं आणि कोथिंबीर. आमच्याकडे पोह्यांबरोबर तर्री, म्हणजे तिखट रस्सा, नसेल तर माणूस बशीकडे संशयानं बघतो. कौसाबाईनं बघितलंही, पण खाल्ले.

मी चौकट सोडायला लागले तसे ते घड्याळाकडे बघायला लागले.

"हे पाहा बाई, खळग्यात खळगा घालून केलेली मांडणी सगळ्यांत दाट असते. मोठमोठ्या गणितज्ञांनी हे सिद्ध केलेलं आहे."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? ग्रंथांत."

"तसं नव्हे. त्यांनी चकत्या कुठं मांडल्या होत्या? त्यांना चारी बाजूंनी फळ्या होत्या का?"

 "फळ्या नाहीत. ते अमर्याद पृष्ठभागाचं आहे."

"माझी पेटी मर्यादेतली आहे," मी म्हटलं. "पंधरा इंचांत संपते."

त्यांना हसू आलं. रागाचं नव्हे, लहान मुलाच्या बोलण्याला येतं तसं. मला त्यांचा राग परवडला असता. "बाई, संत्री दबतात. तुम्ही दाबून एक जास्त बसवली असेल. गणितातली चकती दबत नाही."

"ही सागवानाची आहे. दाबून दाखवा."

"मी परत आल्यावर पाहू. मला पत्र लिहा."

"पत्र लिहिलं होतं. त्याच्यावर तुम्ही लाल शाई ओतली."

एवढं बोलल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. मला वाटतं तोवर त्यांना हे लक्षातच आलं नव्हतं की त्या कार्डाच्या दुसऱ्या टोकाला माणूस होतं. पण टांगेवाला ओरडला आणि ते गेले.

त्यांच्या बाई आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला आल्या. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाल्या, "उद्या चार वाजता तिथं मोठं व्याख्यान आहे. सगळ्यांना खुलं असतं. शेवटी प्रश्न विचारू देतात."

कौसाबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आता अकोला," ती म्हणाली.

दर्शन मात्र तिनं घेऊन घेतलं. देवळाबाहेर गरम गिलावडा खाल्ला, तो मला पोह्यांपेक्षा जास्त पटला.

बडनेऱ्याहून पुढं

बडनेऱ्याला गाडी बदलली. मूर्तिजापूर येईतो कौसाबाई माझ्याशी बोलली नाही. मूर्तिजापूरला चहा घेतला आणि तिची वाचा फुटली.

"वहिनी, येक फळ जास्त मावलं का कमी मावलं, त्याच्यानं जगाचं काय होऊन राहिलं?"

"काही नाही."

"मंग?"

"तू इतकी वर्षं माझ्याशेजारी बसून पेट्या भरल्या. किती भरत होतीस एका थराला?"

"एकशे सहा. दुसरं काय भरते कोनी?"

"त्या पुस्तकात लिहिलंय ते अशक्य आहे. म्हणजे तू चाळीस वर्षं जे केलं ते झालंच नाही."

ती खिडकीबाहेर बघत बसली. कापसाची वेचणी संपत आलेली, रानात उरलासुरला पांढरा ठिपका. मग म्हणाली, "असं लिहिलं का त्यानं? मंग चाल."

अकोला

अकोल्याचं पहिलं दुःख म्हणजे पाणी. धर्मशाळेत चहा आला, कौसाबाईनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "यायनं मीठ घातलं बाई." मीठ घातलं नव्हतं, तिथल्या कितीतरी विहिरींना खारंच पाणी आहे. आम्ही सातपुड्याच्या पायथ्याची माणसं, गोड पाणी म्हणजे आमचा हक्क आहे असं समजणारी. खानावळवाल्या बाई म्हणाल्या, "आमाले गोड पानी कसंसंच लागते." आम्ही दिलेली संत्री मात्र त्यांना लागलीच गोड लागली. त्यांच्याकडची ज्वारीची भाकर आणि कढीत बुडवलेला आलूबोंडा हे मी कबूल करते, आमच्या घरी तसं होत नाही.

शहर सगळं कापसाचं. सरकी काढायच्या जिनांच्या भिंतींवर, झाडांवर, माणसांच्या पापण्यांवर बारीक रुई. संमेलनाच्या सभागृहातही उन्हाच्या पट्ट्यात ती तरंगत होती. साठ-सत्तर पुरुष होते, बहुतेक मास्तर. बायका आम्ही दोघी आणि पुढं कोणी एक शिक्षिका. दारावरच्या स्वयंसेवकानं विचारलं, "आपण कोणाच्या घरच्या?" मी म्हटलं, "आम्ही आमच्याच घरच्या," आणि आत जाऊन बसले. प्राध्यापक पहिल्या रांगेत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि मान वळवली.

व्याख्याते बाहेरून आलेले शास्त्रज्ञ होते, वयानं माझ्या मुलाएवढे. विषय होता अजून न सुटलेले प्रश्न. मला धडकी होती की काही कळणार नाही. पण तो माणूस समजावून सांगायला आला होता, विद्वत्ता दाखवायला नव्हे.

आधी त्यांनी जोड्या सांगितल्या. अकरा आणि तेरा, सतरा आणि एकोणीस, एकोणतीस आणि एकतीस. एक आणि स्वतः सोडून कशानंही भाग न जाणारे, दोनाच्या अंतरावरचे आकडे. अशा जोड्या कुठं संपतात की चालतच राहतात? कोणालाही माहीत नाही. मग म्हणाले, प्रकाशाचा एकच कण सोडला, समोर दोन फटी ठेवल्या, तर तो दोन्हींतून गेल्यासारखा वागतो. हिशेब बरोबर येतो, पण असं का, हे विचारलं की शास्त्रज्ञ एकमेकांकडे बघतात. हे ऐकून मला फार बरं वाटलं. मोठमोठी माणसं "माहीत नाही" म्हणतात आणि त्यांची मान तशीच ताठ असते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

शेवटी त्यांनी त्या नव्या प्रकाशाबद्दल सांगितलं, लेसर म्हणतात त्याला. परदेशात पहिला केला तो माणकासारख्या लाल दगडाच्या कांडीतून. साधा दिवा म्हणजे बाजारातली गर्दी, जो तो आपल्या चालीनं चाललेला. हा प्रकाश म्हणजे भजनात शंभर टाळ एकाच क्षणी पडावेत तसा. ही टाळाची उपमा माझी, त्यांनी इंग्रजी शब्द वापरला होता. याचा उपयोग काय होईल विचाराल तर आज कोणीच नीट सांगू शकत नाही, असंही ते म्हणाले. आणि मग म्हणाले, त्या लाल दगडातले कण थरांनी रचलेले असतात, एक ओळ दुसरीच्या खळग्यात, जशी फळवाला फळं रचतो.

कौसाबाईनं मला कोपर मारलं. ते लागायच्या आधीच मी उभी होते.

"मी शेंदूरजनाघाटची," मी म्हटलं. "फळं रचते. मला विचारायचं आहे की तो दगड जिथं संपतो, तिथं कडेला ते कण काय करतात?"

सभागृहात थोडी खसखस पिकली. पाहुणे व्याख्याते हसले नाहीत. "हे तुम्ही का विचारता?"

"कारण मधलं सोपं असतं. आमची सगळी अक्कल कडेला लागते."

ते म्हणाले, "खरं सांगू का आजी, कडेचं आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही."

मग मी कार्ड काढलं, वाचलं आणि घडलेलं सांगितलं. कोडं, एकशे पाच, लाल शाई, सगळं. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, पहिल्या रांगेतले कान लाल झाले होते. पाहुण्यांनी टेबलावरचं पाणी, हार, सगळं बाजूला केलं आणि म्हणाले, "मांडा."

मी चादर सोडून चौकट ठेवली आणि मांडायला लागले. दहा, दहा. मग नऊ. माझा हात चालायला लागला की मला कोणी दिसत नाही. मास्तर मंडळी उठून टेबलाभोवती आली. नऊ, दहा, नऊ, दहा. अकरावी ओळ लावली आणि पिशवीत हात घातला. पिशवी रिकामी होती.

शेवटच्या ओळीच्या टोकाला एक चकती कमी.

प्राध्यापक पुढं आले. त्यांनी बोटानं सावकाश मोजलं, एकेक करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "एकशे पाच," ते म्हणाले. आणि मग, अगदी हळू, वाईट वाटल्यासारखं, "मी लिहिलं होतं बाई. मोजण्यात चूक आहे."

माझ्या डोळ्यांपुढं मोटार आली. मांडीवरची खुणेची चकती आली. ती शंभरात एकदा मोजली होती आणि वरच्या सहात पुन्हा मोजली होती. खडा असता तर मी खड्याला फळ समजले नसते. चाळीस वर्षांत पहिली चूक, आणि नेमकी याच प्रवासात.

 पण मी उभी राहिले, कारण चौकट अजून टेबलावर होती.

"हो," मी म्हटलं. "मोजण्यात चूक झाली. ती मोर्शीच्या मोटारीत झाली, माझ्या हातून झाली. एक चकती तिथंच राहिली आणि दुसरी एक मी दोनदा मोजली. ते माझं. आता तुम्ही सांगा, ही जागा कोणाची?"

आणि मी त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

 पाहुण्यांनी पहिल्या ओळीतली एक चकती उचलली आणि त्या जागेत ठेवली. अलगद बसली. आता पहिल्या ओळीत तेवढंच भोक झालं. त्यांनी तिसऱ्या ओळीतली काढून ते भरलं, तसं भोक तिसऱ्या ओळीत गेलं. चकती कुठूनही उचला, एक जागा उरायचीच.

"चकत्या एकशे पाच," पाहुणे म्हणाले, "जागा एकशे सहा."

"आमी रोज भरतो बापा," कौसाबाई मागून म्हणाली. "विचाराचं ना आधी."

यावर मात्र सगळे हसले, आणि ते हसणं आमच्यावर नव्हतं. प्राध्यापक खाली वाकून बराच वेळ कडेच्या त्या दोन-दोन ओळी बघत होते. खिशातून पट्टी काढून त्यांनी उरलेली फट मोजली. माणूस गणिताचा होता, हे तेव्हा दिसलं. 

पाहुण्यांनी मला विचारलं, "आणि एकशे सात?"

"खूप खटपट केली. मला जमली नाही."

"म्हणजे अशक्य?"

"असं मी म्हणणार नाही," मी म्हटलं. "मला जमलं नाही एवढंच मला माहीत आहे. अशक्य आहे हे कसं दाखवायचं, ते मला येत नाही. तुम्हाला येतं का?"

"नाही," ते म्हणाले. "माझ्या माहितीत ते कोणी दाखवलेलं नाही." आणि त्यांनी आपल्या वहीत, ज्या पानावर त्या अकरा-तेराच्या जोड्या होत्या त्याच पानाच्या खाली, माझी आकृती काढून घेतली. शेजारी माझं नाव लिहिलं, गावाचं लिहिलं, आणि कौसाबाईचंही, कारण तिनं सांगितलं.

सकाळी आम्ही धर्मशाळेत तो खारा चहा पीत बसलो होतो तेव्हा प्राध्यापक आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. म्हणाले, "ते कार्ड द्या. मी माझा शेरा खोडतो."

मी कार्ड दिलं, पण बोटानं लाल अक्षरं झाकून. "खोडू नका. ते राहू द्या. खाली लिहा काय लिहायचं ते."

"वरचं लोक वाचतील की."

"माझंही मोजणं काल सभेत सगळ्यांनी पाहिलं. मी खोडलं का?"

त्यांनी कौसाबाईकडे पाहिलं, जणू ती काही मदत करील. तिनं त्यांच्यापुढं एक संत्रं धरलं. मग त्यांनी पेन काढलं, तेच लाल शाईचं, आणि कार्ड भिंतीला टेकवून लिहिलं: "एकशे सहा मावतात. मी न पाहता लिहिलं." सही केली. पुढच्या अंकात छापतो म्हणाले. छापलंही, अर्थात बारीक टाइपात, शेवटच्या पानावर.

घरी

घरी आल्यावर पहिल्यांदा सुताराकडून एक नवी चकती कातून घेतली आणि चौकट पुरी केली. कार्ड शेडच्या भिंतीवर खिळ्यानं ठोकलं. मुलानं ते दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला जमिनीवर खडूनं गोल काढताना पाहिलं.

आठवड्याभरानं वरूडच्या मोटारतळावर तोच कंडक्टर भेटला. मला बघताच त्यानं खिशात हात घातला. "काकू, हे घ्या तुमचं संत्रं. शिटाच्या पत्र्यात अडकलं होतं. मी रोज घेऊन फिरून राहिलो, तुमी कोन्त्या दिवशी भेटता म्हनून."

तेव्हापासून माझ्याकडे एकशे सात चकत्या आहेत. एकशे सहा चौकटीत बसतात आणि ही एक बाहेर, फळीवर. शेडमध्ये येणारा प्रत्येक जण तिला आत जागा शोधतो. व्यापारी शोधतात, ट्रकवाले शोधतात, पेट्या भरणाऱ्या बाया जेवणाच्या सुट्टीत डोक्याला डोकं लावून बसतात. मे महिन्यात प्राध्यापक सहकुटुंब आले होते, ते दोन दिवस तिथंच बसून होते, आणि त्यांच्या बाई आमच्या विहिरीचं पाणी पिऊन पिऊन नावाजत होत्या. मी कोणाला नाही म्हणत नाही. बसा, खटपट करा, चहा गोड मिळेल. अट एकच आहे. उठताना कोणाला "अशक्य" म्हणायचं असेल, तर ते का, हे त्यानं लिहून द्यायचं. लाल शाईची दौत मी शेजारीच ठेवली आहे. अजून तिचं बूच कोणी उघडलेलं नाही.